शेवटी चारचा आकडा

धाकटी सून घरात आली तेव्हा बाईंनी आधी तिचे हात पाहिले होते, तोंड नंतर. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात ज्या बाईने चाळीस वर्षं काढली, तिला तोंडाशी काय करायचंय? हात मऊ होते. नखं स्वच्छ. बोटाला सुई टोचल्याची एक खूण नाही. मुलगी फोटो स्टुडिओत कामाला आहे, कॅमेऱ्यातली हलती चित्रं कापते आणि जोडते, असं कळल्यावर तर बाईंनी नाकच मुरडलं. "कापते नि जोडते, पण ना कात्री ना दोरा! हे कसलं गं बाई काम? हवेतली शिलाई?"

धाकटी हसली होती. ते हसणंही बाईंना आवडलं नव्हतं. टोमणा मारल्यावर समोरच्याने हसावं म्हणजे टोमणा फुकट गेला.

तर ही हवेतली शिलाई एक दिवस बाईंच्या गळ्याशी आली, आणि ती आणली बाईंच्याच जिभेने.

झालं असं. बाईंचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते पाच गल्ल्यांतले एकमेव असे कारागीर होते की पायाने चालवायच्या जुन्या मशीनचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगत. टाका का सोडते, धागा का तुटतो, सगळं कानाने. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डावा हात चालत होता. खुर्चीच्या हातावर बोट आपटून ते बोलत: एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे बरोबर. एवढाच शब्दकोश उरला होता.

गुरुवारी सकाळी शिवणवर्गाच्या मॅडम दुकानात आल्या. त्यांच्याकडे बारा जुनी मशीन आणि बारा बाया, ज्यांना दुरुस्ती शिकायची होती. आजारपणाआधी मास्तरांनी शिकवायचं कबूल केलं होतं. मॅडम खुर्चीत बसलेल्या मास्तरांकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, मास्तरांची अशी अवस्था. सोमवारी वर्ग सुरू होतोय. मी कंपनीचा माणूस बोलावते. तो म्हणतो, जुनी मशीन भंगारात काढा, नवी शिकवतो."

मास्तरांचं बोट, जे एरवी खुर्चीवर सतत काहीतरी ठोकत असायचं, ते थांबलं.

बाईंनी ते पाहिलं. आणि मग तोंडाचा पट्टा त्यांच्या परवानगीवाचून सुटला. "भंगारात त्यालाच काढा त्या कंपनीवाल्याला! सोमवारी मास्तरच शिकवतील. त्यांच्या स्वतःच्या तोंडाने."

मॅडमनी पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. "तोंडाने?"

"ऐकू आलं नाही का? तोंडाने. तुम्ही फक्त बाया बसवा."

मॅडम गेल्यावर काउंटरवरचा थोरला मुलगा म्हणाला, "आई, काय बोलून बसलीस हे?"

"अरे, त्या फिल्मा आहेत ना त्यांच्या!"

त्या फिल्मा म्हणजे मास्तरांचं एक वेड होतं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक डिजिटल कॅमेरा घेतला होता, तळहाताएवढा. मोडक्या मशीनच्या लोखंडी पायाचा त्यांनी स्टँड केला, त्यावर कॅमेरा बसवला आणि दुपारच्या निवांत वेळी एकेक मशीन उघडून त्याच्याशी बोलत बसत. "एका डबड्याशी एवढं बोलतात, माझ्याशी चार शब्द नाहीत," असं बाई आल्यागेल्याला सांगत. एकूण एकेचाळीस तुकडे होते. नंतर थोरल्याने ते हार्ड डिस्कवर उतरवले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून दुसऱ्या कामाला वापरलं. म्हणजे मास्तरांचा आवाज आता जगात एकाच जागी शिल्लक होता, त्या काळ्या डबीत.

दुपारी धाकटी स्टुडिओतून आली. बाईंनी डबी तिच्यापुढे ठेवली, जशी गिऱ्हाईक नादुरुस्त मशीन काउंटरवर आदळतं तशी. "यातून मास्तरांची शिकवणी जोडून दे. सोमवारच्या आत. येतं ना तुला?"

"बघते, आई."

"बघू नकोस. कर."

धाकटीने आपला लॅपटॉप दुकानाच्या मागच्या खोलीत मांडला. एका बाजूला तेलाच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला बॉबिनांचे डबे, मध्ये ती. मास्तरांची खुर्चीही तिथेच आणून ठेवली. तिने पहिला तुकडा जोडणीच्या प्रोग्रॅममध्ये घेतला. प्रोग्रॅमने नकार दिला. दुसरा घेतला, नकार. फोनवर लावून पाहिला, तर काळी चौकट आणि खाली एक ओळ.

"काय म्हणतंय ते?" बाई दारातून.

थोरल्याने वाकून वाचलं. "फाईल खराब आहे म्हणतंय. सगळ्याच. आई, गेलं सगळं."

 बाईंनी बॉबिनांच्या डब्याचा आधार घेतला. खुर्चीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

धाकटी मात्र हलली नाही. "दादा, प्रोग्रॅमला जे उघडता येत नाही, त्याला तो खराब म्हणतो. गिऱ्हाईक नाही का म्हणत, मशीन मोडलं? आणि निघतो अडकलेला दोरा." असं म्हणून तिने आधी एक काम केलं, जे बाईंच्या मनात भरलं, जरी बाईंनी ते तोंडावर दिसू दिलं नाही. तिने सगळ्या एकेचाळीस तुकड्यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली आणि मूळ डबी बाईंच्या हातात परत दिली. "ही तुमच्या कपाटात ठेवा. कुलूप लावून. मी काय ती कापाकापी नकलेवर करीन."

मास्तरही असेच. गिऱ्हाइकाच्या कापडावर टाका तपासत नसत. आधी चिंधी घेत.

मग तिने एक छोटा प्रोग्रॅम उघडला. तो फाईल चालवत नाही, नुसती आत डोकावून सांगतो की चित्रं कुठल्या पद्धतीने भरलीत आणि आवाज कुठल्या. धाकटीने ओठ दाबून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकदम मागे टेकून हसली.

"दात काढायला काय झालं?" बाई कडाडल्या.

"आई, काही खराब नाहीये. बाहेर नाव एक आहे, आत माल दुसरा आहे. जुना कॅमेरा एव्हीआय नावाच्या पेटीत चित्रं भरायचा. यांच्या नावाच्या शेवटी कुणीतरी एमपी-चार लिहून ठेवलंय. प्रोग्रॅम नाव वाचतो, एमपी-चार समजून उघडायला जातो, आत भलतंच निघतं, मग घाबरून खराब म्हणतो. एकेचाळीसच्या एकेचाळीस नावं बदललीत. कोणी केलं हे?"

 थोरल्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं. छतावर काहीही नव्हतं.

बाई शाळेत दुसरीपर्यंत गेल्या होत्या. इंग्रजी अक्षरं त्यांना सगळी सारखीच, चुरगळलेल्या दोऱ्यासारखी. पण आकडे येत. सुईचा नंबर वाचल्याशिवाय हे दुकान चालतच नाही: चौदा, सोळा, अठरा. फोनवर नातवंडांचे व्हिडिओ बघताना त्यांच्या लक्षात आलं होतं की जो चालतो त्याच्या नावाच्या शेवटी चार असतो. मास्तरांच्या फिल्मांच्या शेवटी तो चार नव्हता आणि त्या फोनवर चालत नव्हत्या. तेव्हा दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बाईंनी थोरल्याला बसवलं होतं आणि हुकूम सोडला होता, "ज्याच्या शेवटी चार, तोच चालतो. सगळ्यांच्या शेवटी चार लाव." थोरला म्हणाला होता, असं होत नसतं. बाई म्हणाल्या होत्या, तू मला शिकवू नकोस. आणि चार लावूनही फिल्मा चालल्या नाहीत तेव्हा बाईंनी फोनला शिव्या घातल्या होत्या.

"माझ्याकडूनच झालं असेल," थोरला म्हणाला. "उतरवताना."

बाई मूग गिळून गप्प बसल्या. पण तो घास घशातच राहिला.

"असू दे, दादा," धाकटी म्हणाली. "नाव बदलल्याने आतलं काही बिघडत नाही." तिने एका नकलेचं नाव परत जुनं केलं, साध्या प्लेयरवर लावलं, आणि खोलीत मास्तर बोलले.

"हां. तर ही बघा शटल, खालच्या दोऱ्याची. हिचं टोक आणि सुई यांची गाठ पडली पाहिजे. नवरा-बायकोसारखं. वेळ चुकली की भांडण."

एक वर्ष तो आवाज या घरात नव्हता. बाईंनी पदराने मशीनचं झाकण पुसायला घेतलं, जे आधीच स्वच्छ होतं. मास्तर खुर्चीत ताठ बसले होते आणि स्वतःच्याच तोंडाकडे टक लावून बघत होते.

पडद्यावर लांबून एक बाईमाणूस ओरडलं, "अहो, त्या डबड्याशी बोलणं पुरे! जेवण गार झालं!"

"ही मी नव्हे," बाई म्हणाल्या.

धाकटीने तोंडावर हात धरला. खुर्चीवर बोट दोनदा वाजलं. बरोबर. तीच.

पण नाव सुधारलं म्हणून गाडं मार्गी लागलं नव्हतं. साधा प्लेयर दाखवत होता, जोडणीचा प्रोग्रॅम अजून अडूनच होता. आतली चित्रं भरण्याची पद्धत जुनी, आवाजाची त्याहून जुनी. धाकटीने बाईंना समजावलं की आता प्रत्येक तुकडा उसवून नव्या पद्धतीने शिवावा लागेल. तिने घाई केली नाही. आधी एकच तुकडा बदलला, चित्र बघितलं, रंग बघितले, शटलचं टोक स्पष्ट दिसतं का ते मोठं करून बघितलं. पहिल्या खेपेला कडा विस्कटल्या. तिने ती फाईल टाकून दिली आणि पुन्हा केली. दुसऱ्यांदा फाईल फारच मोठी झाली, लॅपटॉप धापा टाकायला लागला. तिसऱ्यांदा जमलं, मग बाकीचे चाळीस रांगेला लावले.

शुक्रवारभर मागच्या खोलीत लॅपटॉपचा पंखा घुं-घुं करत राहिला. बाई दर थोड्या वेळाने येऊन बघत. पोरगी स्टुडिओतून रजा टाकून बसली होती. पाठीचा कणा सरळ, डोळ्यांत तेल घातलेलं, प्रत्येक तुकडा झाला की वहीत खूण. कंटाळा नाही, चिडचिड नाही. बाईंनी एकदा तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "मशीन गरम झालंय तुझं. त्याला पण पाज."

शनिवारी दुपारी जोडलेली शिकवणी तयार झाली. धाकटीने सगळ्यांना बोलावलं. मास्तरांची खुर्ची पुढे, बाई तिच्यामागे उभ्या, थोरला दारात.

पहिला तुकडा टायमिंगचा, म्हणजे सुई आणि शटलची वेळ जुळवण्याचा, आठ मिनिटांचा. सगळ्यात महत्त्वाचा. मास्तर चाक हाताने फिरवत होते, सुई खाली जात होती, आणि शटलच्या टोकाने सुईमागचा धाग्याचा फेर उचलला की ते म्हणत, "आता!" आणि त्याच क्षणी बारीकसा टक आवाज येई. "डोळ्यांनी नाही, कानांनी बघा. टक कुठे येतो तिथे स्क्रू आवळा."

सुरुवात झकास झाली. थोरल्याने टाळी वाजवली. धाकटीच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी जरा रंग आला. मास्तर पडद्यावरच्या सुईबरोबर बोट ठोकत होते. सुई खाली, बोट खाली. टक, टक.

बाईंचे कान टवकारले. तुकडा शेवटाकडे आला होता. मास्तरांचं बोट आधी वाजलं, आणि पडद्यातला टक नंतर आला. पुन्हा तेच. बोट, मग टक.

खुर्चीवर बोट एकदा आपटलं. जोरात. नाही.

"थांबव," बाई म्हणाल्या.

"काय झालं, आई?"

"आवाज मागे पडतोय."

"नाही हो. मी बघितलंय ना. पहिली दोन मिनिटं नीट तपासली."

"पहिलं सोड. शेवट लाव."

धाकटीने शेवट लावला. सुई खाली गेली, वर यायला लागली, आणि मग मास्तर म्हणाले, "आता!" थोरला म्हणाला, "अर्ध्या पापणीचा फरक. कोणाला कळतंय?"

"गाढवा," बाई म्हणाल्या, "ज्या बाईने या आवाजावर स्क्रू आवळला तिची सुई शटलवर आपटून मोडेल. मग तो कंपनीवाला म्हणेल, बघा, जुनं ते भंगार!"

धाकटीचा चेहरा उतरला. तिने आवाज अर्धा सेकंद पुढे सरकवला. शेवट जुळला, पण आता सुरुवात बिघडली. परत मागे घेतला. तिने डोकं धरलं. "हा फरक एका जागी का राहत नाही? कॉम्प्युटरच हळू चालतोय की काय..."

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्या पेट्या, पद्धती, काही कळत नव्हतं. पण हे दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"अगं, हा पट्टा सैल झालाय."

"कसला पट्टा?"

"मशीनचा. पट्टा सैल असला की चाक एकदम मागे पडत नाही. प्रत्येक फेऱ्याला केसभर घसरतं. पहिल्या वीतभर शिलाईत समजत नाही, लांब शिवत गेलं की समजतं. तू आवाज पुढे ढकलू नकोस. तो जागेवर आहे. घसरतंय ते चाक."

धाकटीने वर पाहिलं. तोंड उघडं ते उघडंच. मग तिची बोटं अशी चालली की बाईंना वाटलं, या पोरीला मशीनवर बसवलं तर काय सुरेख शिवेल!

"आई! मी एका सेकंदाला तीस चित्रं धरली होती. या कॅमेऱ्याची तिसाला जराशी कमी आहेत. चित्रं थोडी भरभर पळतायत, आवाज बिचारा आपल्या चालीने चाललाय."

"किती कमी?"

"हजारामागे एक."

"हजारात एक!" थोरला म्हणाला. "एवढ्यासाठी?"

"आठ मिनिटांत अर्धा सेकंद होतो, दादा. आईंनी पकडला तेवढाच." तिने बाईंकडे असं पाहिलं की बाईंना कुठे बघावं ते कळेना. "मी स्टुडिओत चार वर्षं हेच करते, आणि मला नाही ऐकू आलं. तुम्हाला कसं आलं?"

"मला कुठे आलं? मास्तरांच्या बोटाला आलं," बाई म्हणाल्या. मग घशातला तो जुना घास एकदाचा वर आला. "आणि ऐक. ते शेवटी चार मी लावायला सांगितले. याने नाही. हा नको म्हणत होता. मला वाटलं, ज्याच्या शेवटी चार, तोच चालतो."

थोरला आपल्या चपलांकडे बघायला लागला. बाईंनी आयुष्यात चूक कबूल केलेली त्याने पाहिली नव्हती. अशा वेळी तोंड कसं करायचं तेही त्याला माहीत नव्हतं.

धाकटी हसली. पण आज ते हसणं टोमण्याला नव्हतं. "आमच्या स्टुडिओत शिकलेली माणसं हेच करतात, आई. त्यांना तर आकडे आणि अक्षरं दोन्ही वाचता येतात."

रविवारी तिने एकेचाळीसच्या एकेचाळीस तुकडे पुन्हा उसवले आणि पुन्हा शिवले, तिसाला किंचित कमी धरून. प्रत्येकाचा शेवट मास्तरांना दाखवला. बोट दोनदा वाजलं की वहीत खूण. एका तुकड्याला बोट एकदाच वाजलं, कारण धाकटीने जेवणाची ती हाक कापून टाकली होती. तिने ती परत जोडली. "मास्तर, तुम्ही पण ना!" बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

सोमवारी वर्गाच्या खोलीत बारा मशीन, बारा बाया, भिंतीवर पांढरी चादर. मास्तरांची खुर्ची चादरीच्या शेजारी, जिथे शिक्षक बसतो तिथे. मॅडम अजून साशंक होत्या. चादरीवर मास्तर बोलायला लागले तशा बाया पुढे सरकल्या. नवरा-बायकोच्या वाक्याला हसल्या, जेवणाच्या हाकेला त्याहून हसल्या, आणि बाई दाराशी उभ्या राहून सगळ्यांवर डोळे वटारत राहिल्या.

मग हाताने करायची वेळ आली. पहिल्या रांगेतली एक जाडजूड बाई चाक फिरवत होती, कान मशीनला लावून. फिरवलं, थांबली, स्क्रू आवळला. चिंधी घातली, शिवली. मध्येच एक टाका सुटला. तिने पुन्हा स्क्रू सैल केला, चाक फिरवलं. 

टक.

ती थांबली. चादरीवर मास्तर अजून बोलत होते, पण तिने तिकडे पाहिलं नाही. ती खुर्चीकडे वळली.

"मास्तर, इथेच ना?"

खुर्चीवर बोट वाजलं. एकदा. तिने केसभर पुढे घेतलं. बोट दोनदा वाजलं. आणि लगेच शेजारच्या मशीनवरून दुसरी बाई ओरडली, "मास्तर, माझं पण ऐका ना!"

मॅडम बाईंजवळ आल्या. "हे सगळं जोडलं कोणी हो? इतकं नेटकं?"

बाईंनी खोलीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे धाकटी लॅपटॉपवर वाकून पुढच्या तुकड्याची तयारी करत होती. "ती बघा, आमच्या घरातली दुसरी मिस्त्री." आणि मॅडम तिच्याकडे निघाल्या तसा बाईंनी त्यांना हात आडवा घातला. "थांबा जरा. कामात आहे ती. उगाच चालता हात अडवू नका तिचा."